किरणशस्त्र आणि केळीचे पान

१७९४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनमधील ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एका मराठी शेतकऱ्याचे चित्र छापले गेले. चित्रातील मनुष्याचे नाव कावसजी असे दिलेले आहे. हे नाव कुणब्याच्या घरातले वाटत नाही. इंग्रजांच्या कानांतून आणि लेखणीतून उतरताना मूळ नावाचे काय झाले असेल, याचा तर्क ज्याने त्याने करावा. हा मनुष्य १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकण्याच्या कामावर होता. टिपूच्या माणसांच्या हाती तो सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापून टाकण्यात आला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळच्या, विटा घडविण्याचा धंदा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी उतरवून तिचे नवे नाक त्याला बसवून दिले. मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोघा इंग्रज वैद्यांनी ही क्रिया डोळ्यांनी पाहिली होती आणि तिची हकीकत त्या मासिकात सविस्तर आली.

ती हकीकत युरोपात पुष्कळ गाजली. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करून कपाळावर सपाट पसरावयाचा, त्याच्या कडेने रेघ ओढून तेवढी कातडी सोडवावयाची, पण दोन भुवयांच्या मध्ये तिचा एक देठ तसाच ठेवावयाचा, म्हणजे नवे नाक रुजेपर्यंत त्या देठातून रक्त खेळत राहते, ही युक्ती लंडनचे शस्त्रवैद्य जोसेफ कार्प्यू यांच्या मनात भरली. त्यांनी १८१४ साली ती प्रथम करून पाहिली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पुढे प्लास्टिक सर्जरी या नावाने जे शास्त्र वाढले, त्याच्या प्रत्येक इतिहासात पुण्याच्या त्या अनामिक कारागिराला पहिल्या काही पानांत जागा मिळते.

परंतु या हकीकतीत आणखी एक तपशील आहे आणि त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. नाक बसविल्यावर कारागीर काय करीत असे? सांध्यावर तो पाण्यात भिजवून मऊ केलेला काताचा लेप कापडाच्या पट्ट्यांवर पसरून, अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक लावीत असे. चार दिवस या लेपाखेरीज दुसरे काही नाही. चार दिवसांनी लेप काढून टाकावयाचा आणि तुपात भिजवलेले कापड ठेवावयाचे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कपाळाचा देठ कापावयाचा. पहिले पाच-सहा दिवस रोग्याने उताणे पडून राहावयाचे. एवढेच. यात जखम उघडी टाकणे नाही, ती वाऱ्यावर सुकविणे नाही, खपली धरण्याची वाट पाहणे नाही. जखम झाकलेली आणि ओलसर राहील एवढीच काळजी तेवढी आहे.

शस्त्र चालविणाऱ्याचे कौतुक जगात नेहमीच होते. मलमपट्टी करणाऱ्याचे सहसा होत नाही. वस्तुतः चेहऱ्यावरच्या शस्त्रक्रियेचे यश निम्म्याहून अधिक मलमपट्टीवर अवलंबून असते. आज चेहऱ्यावरचे मुरुमांचे खड्डे, सुरकुत्या आणि डाग घालविण्यासाठी ज्या लेसर किरणांचा उपयोग करतात, त्या किरणांचा इतिहास म्हणजे एका दृष्टीने या विसरलेल्या गोष्टीकडे पुन्हा येण्याचा इतिहास आहे.

कातड्याचे दुखणे हे आपल्याकडे केवळ शरीराचे दुखणे कधीच नव्हते. देवीच्या व्रणांनी ज्यांचे चेहरे खडबडीत झाले अशा माणसांच्या कित्येक पिढ्या या देशात होऊन गेल्या. मुलगी दाखविण्याच्या प्रसंगी दिवा कोणत्या बाजूस ठेवावा, याचा विचार घरोघरी झालेला आहे. १९७७ साली भारत देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले आणि ते व्रण नव्या पिढीच्या चेहऱ्यावरून गेले. मुरुमांचे खड्डे मात्र राहिले, भाजल्याचे डाग राहिले आणि त्यांच्यापायी माणसांनी लोकांत मिसळण्याचे टाळणेही राहिले. चेहऱ्याच्या दुरुस्तीला केवळ नटवेपणा म्हणून हसणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले बरे. कावसजीलाही नाक हवे होते ते श्वासासाठी नव्हे. श्वास त्याला बिननाकाचाही घेता येत होता. ते हवे होते चारचौघांत तोंड दाखविण्यासाठी.

आपल्या प्राचीन वैद्यांना ही गोष्ट नीट उमगली होती. सुश्रुतसंहितेत तुटलेले नाक जोडण्याचा विधी सांगितला आहे हे सर्वश्रुत आहे. पण त्यानंतरची शुश्रूषाही तेथेच सांगितली आहे. जोडलेल्या भागावर पतंग, ज्येष्ठमध आणि अंजन यांचे बारीक चूर्ण टाकावे, वर स्वच्छ पांढऱ्या कापसाचे आच्छादन घालावे आणि ते तिळाच्या तेलाने पुनःपुन्हा शिंपीत राहावे, असा तो विधी आहे. ‘पुनःपुन्हा’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कापूस सुकू द्यावयाचा नाही, असाच त्याचा व्यवहारातला अर्थ होतो. याहून लक्षणीय गोष्ट चिकित्सास्थानात आढळते. तेथे व्रणावरचे साठ उपक्रम सांगितले आहेत आणि त्यांतील काही उपक्रम व्रण भरल्यानंतरचे आहेत. भरलेली जागा पांढरी राहिली तर तिला भोवतालच्या कातडीसारखी सावळी करण्यासाठी कृष्णकर्म. काळी पडली तर उजळ करण्यासाठी पांडुकर्म. आणि तेथे केस उगवावेत म्हणून रोमसंजनन. जखम भरली म्हणजे वैद्याचे काम संपले असे ग्रंथकार मानीत नाही. भरलेली जागा भोवतालच्या कातड्याशी एकजीव दिसेपर्यंत चिकित्सा चालू आहे. त्यांची औषधे आजच्या कसोट्यांना किती उतरतील हा प्रश्न निराळा. पण प्रश्न मात्र त्यांनी अचूक मांडला होता आणि तो आजही पुरता सुटलेला नाही.

मधल्या काळात युरोपात जखमेचा विचार वेगळ्या वळणाने गेला. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बॉलिक आम्लाने जखमा निर्जंतुक ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि शस्त्रक्रियेतील मृत्यूंचे भय पुष्कळच ओसरले. या महान शोधाला एक शेपूटही चिकटले. ओलावा म्हणजे जंतू, जंतू म्हणजे पू, तेव्हा जखम कोरडी हवी, असे समीकरण डॉक्टरांच्या आणि त्यांच्यामागून सामान्य लोकांच्या डोक्यात पक्के बसले. ‘जखमेला वारा लागू दे’, ‘खपली धरली, आता भीती नाही’ ही वाक्ये घराघरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी आली. खपली हे बरे होण्याचे लक्षण आहे याविषयी कोणाला शंकाच उरली नाही.

ही शंका घेतली जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने. डुकराचे कातडे माणसाच्या कातड्याशी पुष्कळ मिळतेजुळते असते, म्हणून त्याने लहान डुकरांच्या पाठीवर अगदी वरवरच्या सारख्या आकाराच्या जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या आणि काहींवर पॉलिथीनचा पातळ पापुद्रा चिकटविला. मग ठरावीक दिवसांनी त्या जागेचे सूक्ष्म काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. झाकलेल्या जखमांवर नव्या कातडीचा थर उघड्या जखमांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने पसरला होता. कारणही त्या कापांत दिसत होते. उघड्या जखमेचा पृष्ठभाग वाळून खपली बनते, आणि नव्या पेशींना त्या वाळलेल्या थराखालून, ओलावा असलेली वाट शोधत, पोखरत जावे लागते. झाकलेल्या जखमेवर मात्र त्या पेशी ओल्या पृष्ठभागावरून सरळ सरकत जातात. एकीला खडकातून बोगदा खणावयाचा आहे, दुसरीला होडीतून पलीकडे जावयाचे आहे, असा हा फरक होता. विंटरचा निबंध १९६२ च्या जानेवारीत ‘नेचर’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी हिनमन आणि मैबाख या अमेरिकन वैद्यांनी माणसाच्या कातडीवरही तेच घडते असे दाखवून दिले. खपली हे बरे होण्याचे साधन नसून बरे होण्याच्या वाटेतील धोंड आहे, असा उलटा निष्कर्ष निघाला. तो सर्वमान्य व्हावयास मात्र बरीच वर्षे लागली. आणि आपल्याकडील कित्येक घरांत तो अजूनही पोहोचलेला नाही.

योगायोग असा की, विंटरची डुकरे आणि लेसर किरण हे दोन्ही एकाच काळातले. आइन्स्टाइन यांनी १९१७ साली ज्या प्रक्रियेचे गणित मांडले होते, ती वापरून थिओडोर मेमन यांनी १९६० च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात माणिकाच्या स्फटिकातून पहिला लेसर किरण काढला. पुढच्याच वर्षी सिनसिनाटी येथील त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी या किरणांचा कातडीवर काय परिणाम होतो ते पाहण्यासाठी प्रयोगशाळा उघडली. पण चेहऱ्याच्या दुरुस्तीसाठी पुढे ज्याचा सर्वांत अधिक उपयोग झाला, तो किरण माणिकाचा नव्हे, कार्बन डायऑक्साइड वायूचा. आणि त्याचा शोध लावणाऱ्या शास्त्रज्ञाचा जन्म बारामतीचा.

कुमार पटेल हे १९३८ साली बारामतीत जन्मले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले, स्टॅनफर्ड विद्यापीठातून १९६१ मध्ये डॉक्टरेट मिळवून बेल प्रयोगशाळेत रुजू झाले आणि १९६४ साली, म्हणजे वयाच्या सव्विसाव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी हा वायूचा लेसर सिद्ध केला. कारखान्यांत पोलाद कापण्यापासून शस्त्रक्रियागृहापर्यंत त्याचा संचार झाला. १९९६ साली त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञानपदक मिळाले. पुण्याच्या कारागिराने कपाळाचे कातडे उतरविले त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी पुण्यातच शिकलेल्या एका माणसाच्या शोधाने जगभरच्या चेहऱ्यांचे कातडे उतरू लागले, हा इतिहासाचा एक गमतीचा सांधा आहे. त्यातून अधिक अर्थ काढण्याचे कारण नाही.

या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर. ती डोळ्यांना दिसत नाही, पण पाणी ती अत्यंत वेगाने शोषून घेते; आणि कातडीत मुख्यतः असते ते पाणीच. किरण पडताच वरच्या थरातील पाण्याची वाफ होते आणि तो थर उडून जातो. कातडीचा वरचा खडबडीत थर काढून खालून नवा येऊ द्यावयाचा, ही कल्पना काही नवी नव्हती. जर्मनीत अर्न्स्ट क्रोमायर यांनी १९०५ च्या सुमारास फिरत्या यंत्राने कातडी घासून काढण्याची पद्धत मांडली होती, आणि १९५३ साली न्यूयॉर्कचे अ‍ॅबनर कर्टिन यांनी वेगाने फिरणाऱ्या तारेच्या कुंचल्याने तेच काम अधिक सफाईने केले होते. सुताराने लाकडाला रंधा मारावा, तसाच हा प्रकार. लेसरने रंध्याची जागा किरणाला दिली.

मात्र सुरुवातीचे किरण अखंड वाहणारे होते. ते वरचा थर उडवीत, पण त्याबरोबर खालचा थरही भाजून टाकीत, आणि जखमेच्या जागी जाड वळ उठत. यातून वाट काढली हार्वर्डमधील रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी. १९८३ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात त्यांनी जो सिद्धान्त मांडला, तो स्वयंपाकघरातील प्रत्येक बाईला सांगितल्याशिवायच ठाऊक असतो. तापलेल्या तव्याला बोट निमिषभर लागून सुटले तर चटका बसतो, पण फोड येत नाही. तेच बोट टेकून राहिले तर उष्णता आत उतरते आणि मांस भाजते. प्रत्येक पदार्थाला आपली उष्णता शेजाऱ्याला देण्यास काही एक काळ लागतो. त्या काळाच्या आत किरणाचा झोत संपविला, तर लक्ष्य तेवढे जळते आणि शेजार वाचतो. कातडीच्या वरच्या थरासाठी हा काळ एका मिलिसेकंदाच्या आसपासचा धरतात. १९९० नंतरच्या दशकात इतके अल्पजीवी झोत सोडणारी यंत्रे तयार झाली. त्यांच्या मागोमाग एर्बियमचा लेसर आला. त्याची २.९४ मायक्रोमीटरची तरंगलांबी पाणी आणखीच अधिक शोषते, त्यामुळे त्याचा चटका अधिक उथळ असतो. अमेरिकेत या उपचारांची लाट आली.

आणि लाटेबरोबर मलमपट्टीचा प्रश्न आला. या उपचारानंतर संपूर्ण चेहरा म्हणजे एक सलग, ओली, झिरपणारी जखम होते. तिच्यावर नवी कातडी पसरावयास सात ते दहा दिवस लागतात. ही कातडी येते कोठून? कडेकडून येते असे सामान्यतः वाटते. पण एवढ्या विस्तीर्ण जखमेची भर केवळ कडांनी होणे नाही. प्रत्येक केसाच्या मुळाशी आणि तेलग्रंथीच्या नळीत कातडीच्या पेशींचा साठा असतो. वरचा थर गेला तरी हे साठे खोलवर शाबूत राहतात, आणि शेत नांगरल्यावर जागोजागच्या बियांतून कोंब फुटावेत, तशा त्या असंख्य छिद्रांतून नव्या पेशी वर येऊन एकमेकींना मिळतात. चेहऱ्यावर ही छिद्रे दाट आहेत, म्हणून चेहरा लवकर भरून येतो. मानेवर ती विरळ आहेत. चेहऱ्याच्या मापाने मानेवर किरण चालविला तर जखम रेंगाळते आणि वण उठतो. या धंद्यातील कित्येक अपघात केवळ हा भेद न ओळखल्यामुळे झालेले आहेत.

अशा जखमेवर काय लावावे, याबद्दल दोन पक्ष पडले. एक पक्ष विंटरच्या मार्गाने गेला. पातळ पापुद्र्याची किंवा ओलसर लगद्याची पट्टी चेहऱ्यावर बसवावयाची. वेदना कमी होतात, कातडी लवकर येते. पण ही पट्टी दोन-तीन दिवसांपलीकडे तशीच राहिली तर तिच्या आड जंतू वाढतात, असा अनुभव आला. दुसऱ्या पक्षाने उघडी पद्धत पत्करली. उघडी म्हणजे कोरडी नव्हे. मिठाच्या किंवा अगदी सौम्य सिरक्याच्या पाण्यात भिजवलेल्या घड्या दिवसातून अनेकदा चेहऱ्यावर ठेवावयाच्या, त्यांनी साचलेला स्राव आणि मऊ पापुद्रे हलकेच उचलावयाचे, आणि लगेच वर साध्या पेट्रोलियम जेलीचा थर द्यावयाचा. ही जेली म्हणजे रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ साली पेटंट घेतलेले व्हॅसलीन. शंभर-सव्वाशे वर्षांत तिच्यात सुधारणा करण्याचे अनेकांनी प्रयत्न केले. प्रतिजैविके घातली, सुवास घातला, जीवनसत्त्वे घातली. पण १९९६ साली अमेरिकेत नऊशेहून अधिक रोग्यांच्या लहान शस्त्रक्रियांवर झालेल्या एका तुलनेत साध्या जेलीच्या आणि प्रतिजैविक मलमाच्या जखमांमध्ये जंतुसंसर्गाच्या दृष्टीने लक्षणीय फरक आढळला नाही. उलट प्रतिजैविक मलमाने काहींना पुरळ तेवढे उठले. भाजलेल्या, उघड्या कातडीला जितकी कमी द्रव्ये भेटतील तितके बरे, हा धडा लेसरतज्ज्ञांनी रोग्यांच्या लाललाल चेहऱ्यांवरून शिकून घेतला. तुपात भिजवलेले कापड ठेवणाऱ्या कारागिराला याचे नवल वाटले नसते.

जंतूंखेरीज एक छुपा शत्रूही होता. ओठांवर अधूनमधून उठणाऱ्या नागिणीच्या जातीच्या फोडांचे विषाणू पुष्कळ लोकांच्या मज्जातंतूंत वर्षानुवर्षे निजून असतात. चेहऱ्याची कातडी उतरताच ते जागे होतात आणि उघड्या जखमेवर पसरून कायमचे वण ठेवतात. म्हणून पूर्ण चेहऱ्याच्या उपचाराच्या आगेमागे विषाणुरोधक औषध देण्याचा प्रघात पडला. आधी कधी फोड आलेच नाहीत, असे सांगणाऱ्यांनाही ते देतात.

पाश्चात्त्य रोग्यांची मुख्य तक्रार उपचारानंतर महिनोन्महिने टिकणाऱ्या लालीची होती. भारतीय रोग्याच्या बाबतीत तक्रार निराळी. येथे जखम भरते, लाली उतरते, आणि तीन-चार आठवड्यांनी त्याच जागी तपकिरी-काळा डाग उमटतो. कातडीला रंग देणाऱ्या पेशी चटक्याने चवताळतात आणि गरजेपेक्षा अधिक रंग तयार करतात. जे डाग घालविण्यासाठी पैसे मोजले, त्यांहून मोठा डाग पदरी येतो. १९७५ साली बोस्टनचे टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी उन्हाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून कातडीचे वर्ग पाडले, तेव्हा प्रथम ते गोऱ्यांपुरतेच होते. सावळ्या आणि काळ्या कातड्यांचे पाचवा आणि सहावा हे वर्ग मागाहून जोडले गेले. बहुसंख्य भारतीय चौथ्या-पाचव्या वर्गात येतात. यंत्रांची मापे ज्या कातड्यांवर ठरली ती पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या वर्गातील होती. यंत्र आयात होते, त्याबरोबर मापेही आयात झाली, आणि त्यांची किंमत येथल्या चेहऱ्यांनी मोजली, असे म्हणणे कठोर असले तरी खोटे नाही.

उपचाराच्या आधी काही आठवडे रंग फिका करणारी मलमे लावून हा धोका टाळता येईल, असा समज बराच काळ होता. १९९९ मध्ये अमेरिकेत शंभर रोग्यांवर झालेल्या अभ्यासात त्याचा उपयोग दिसला नाही. कारण उघड आहे. मलम पोहोचते वरच्या थरातील रंगपेशींपर्यंत, आणि तो थर तर किरणाने उडूनच जातो. नवे रंगकण येतात ते केसांच्या मुळाशी असलेल्या पेशींकडून. म्हणजे काळजी घ्यावयाची ती आधीपेक्षा नंतर: ऊन कटाक्षाने टाळणे, कातडी पुरती आल्यावर उन्हापासून राखणारे मलम नेमाने लावणे, खपली न ओढणे, आणि दाह लवकर शमविणे. दाह शमविण्यासाठी स्टिरॉइडचे मलम पहिले दोनच दिवस लावले तर पुढचे काळे डाग कमी होतात, असे थायलंडमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. त्यात चाळीस जणांच्या चेहऱ्याच्या एका अर्ध्या भागावर स्टिरॉइड, दुसऱ्यावर साधी जेली असा प्रयोग केला होता.

दोन दिवस, हे पुन्हा सांगितले पाहिजे. कारण याच औषधाची गोरे होण्याचे मलम म्हणून आपल्या देशात इतकी उधळण झाली की, हजारो चेहरे पातळ, लाल आणि केसाळ होऊन बसले. २०१८ साली केंद्र सरकारला अशा अनेक मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून होणारी विक्री नियमाने रोखावी लागली. नियम झाला, औषधाच्या दुकानातील सवय मात्र नियमाइतक्या लवकर बदलत नाही. जे औषध तज्ज्ञाच्या हाती दोन दिवस दिले असता डाग टाळते, तेच शेजारणीच्या सल्ल्याने दोन महिने लावले असता चेहरा घालविते. तीच गोष्ट यंत्राची. किरणाचा झोत सोडण्यास एक कळ दाबावी लागते, आणि ती कोणालाही दाबता येते. कोणत्या कातडीवर, किती, आणि मागाहून काय, हे त्या कळीवर लिहिलेले नसते.

चौथ्या-पाचव्या वर्गाच्या कातडीला खरा दिलासा मिळाला तो २००४ साली. डीटर मॅनस्टाइन, अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सबंध थर उडविण्याचा नादच सोडून दिला. किरणाचे शेकडो सूक्ष्म तंतू करून त्यांनी कातडीत केसाहून फारशी जाड नसलेली भोके पाडली आणि प्रत्येक भोकाभोवती निरोगी कातडी राखली. पिकात अंतर ठेवून रोपे उपटावीत, तशी ही योजना. शेजारची निरोगी पेशी लगेच भोक बुजविते. थर न उडविणाऱ्या प्रकारात वरची कातडी साधारण एका दिवसात सांधली जाते आणि थर उडविणाऱ्या प्रकारातही दहा दिवसांचे काम चार-सहा दिवसांवर येते. काळ्या डागांचा धोका यानेही जात नाही. पण भोके विरळ ठेवली तर तो पुष्कळ कमी होतो. एका बैठकीत सगळे खड्डे बुजविण्याची हाव सोडून चार-पाच बैठकी घ्याव्या लागतात, आणि रोग्याला हे पटविणे हेच डॉक्टरला सर्वांत अवघड जाते. अलीकडे रोग्याच्याच रक्तातील बिंबिकांचा अर्क जखमेवर लावून लाली लवकर उतरविण्याचे प्रयोग होतात. लहान प्रमाणावरील अभ्यासांत त्याचा गुण दिसला आहे. जाहिरातीत जितका सांगतात तितका मात्र अद्याप सिद्ध झालेला नाही.

या साऱ्या विलायती कथानकात मुंबईच्या दोन रुग्णालयांतील काम सांगितल्यावाचून ते पुरे होत नाही. भाजलेल्या जखमा आणि लेसरच्या जखमा एकाच कुळातल्या. दोन्हींत वरचा थर जातो आणि खालच्या साठ्यांतून नवा येतो. मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयात मनोहर केसवाणी यांच्यापुढे भाजलेली गरीब मुले येत. पाश्चात्त्य पट्ट्या महाग, आणि जखमेला चिकटलेली जाळीची पट्टी रोज सोडविताना पोर आकांत करी. केसवाणी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली जाळीच्या कापडावर एकीला एक लावून पट्ट्या बनविल्या आणि त्या निर्जंतुक करून जखमांवर ठेवल्या. साल ओलावा धरून ठेवते आणि जखमेला चिकटत नाही. त्यांचा प्राथमिक वृत्तांत १९८५ साली ‘बर्न्स’ या नियतकालिकात आला. पुढे २००३ मध्ये शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्याच नियतकालिकात केळीच्या पानाच्या पट्टीवर दोन निबंध लिहिले. मांडीची कातडी सोलून दुसरीकडे लावतात तेव्हा मांडीवर जी उथळ जखम राहते, ती लेसरने सोललेल्या चेहऱ्याची सख्खी बहीणच. तिच्यावर आणि भाजलेल्या जखमांवर त्यांनी निर्जंतुक केलेले केळीचे पान आणि व्हॅसलीन लावलेली जाळी यांची तुलना केली. पान गुळगुळीत, मेणचट, पाणी न पिणारे. ते काढताना वेदना जवळजवळ होत नव्हत्या. गरमागरम भात ज्या गुणामुळे पानाला चिकटत नाही, त्याच गुणामुळे नवी कोवळी कातडीही चिकटत नाही.

विंटरच्या पॉलिथीनच्या पापुद्र्याचे काम येथे परसातल्या पानाने केले. खर्च नगण्य. तरी ही पट्टी मोठ्या दवाखान्यांतून रूढ झाली नाही. पान निवडणे, धुणे, कापडावर चिकटविणे, निर्जंतुक करणे यांना माणसे लागतात, आणि ज्या वस्तूला विकणारा नाही तिचा प्रसार करणाराही सापडत नाही. पुण्याच्या कारागिराच्या तुपाच्या कापडाचेही असेच झाले. नाकाची युक्ती तेवढी लंडनला पोहोचली. कापडाची हकीकत त्याच पानावर छापलेली असून वाचणाऱ्यांच्या नजरेतून निसटली.

त्या हकीकतीच्या अखेरीस मासिकाने आणखी दोन गोष्टी नमूद केल्या आहेत. चित्र जेम्स वेल्स या चित्रकाराने १७९४ च्या जानेवारीत, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, कावसजीला समोर बसवून काढले होते. आणि कपाळावर जेथून कातडी उतरविली, तेथील वण काही काळानंतर फारसा ध्यानात येत नाही, असे तेथे म्हटले आहे.